दोन बोटांचा क्लच

अगं ऐक. तुझ्याच फोनवरून लिहितोय. लिहितोय कसला, मी बोलतोय आणि फोन लिहितोय. चौथी पास माणसाची बोटं त्या बारक्या अक्षरांवर बसत नाहीत, ते तुला ठाऊक आहे. मध्येच शिवी आली की हा तीपण लिहून मोकळा होतो, मग पुसत बसायचं. एखादी राहून गेली असली तर मंडळींनी समजून घ्यावं.

मंडळी म्हणजे फोनवरचा आपला ग्रुप, फटफटी कट्टा. तिथंच टाकणार आहे हे. परवा संजूचा फोन आला होता. बारामतीचा स्पेअर पार्टवाला संजू. ग्रुप त्यानं काढला, म्हणून नियमही त्याचेच. म्हणाला, "तात्या, काकींचा फोटो टाकला, समद्यांनी हात जोडलं. पर आता नंबर काढावा लागंल. ग्रुप मालकांचा हाय."

मी म्हणालो, "मालकीण गेली, मालकी न्हाय गेली. गाडीच्या पुस्तकावर अजून तिचंच नाव हाय. काढून दाखव."

तो हळूच म्हणाला, "बरं, रविवारी ते पुण्याचं सायब येत्यात न्हवं गाडी बघायला?"

तुझं तेरावं झालं, आचाऱ्याची भांडी अजून दारात होती, तोवर आपल्या विजयनं हे ठरवून टाकलं होतं. साहेब जुन्या गाड्या जमवतात. गाडी काचेच्या खोलीत ठेवणार, रोज पुसणार, विजयनं मला फोटो दाखवले. वारस म्हणून मी आणि विजयनं सही केली की गाडी त्यांची. फक्त ती कंपनीतून निघाली होती तशी परत करून घेणार म्हणाले. म्हणजे तुझा क्लच काढणार.

त्याचं काय झालं ते सांगतो. आधी मागचं बोलू दे. तुला ते सगळं पाठ आहे, पण कट्ट्यावर आता निम्मी पोरं नवी आहेत. त्यांना वाटतं काकी म्हणजे सकाळी 'हळू चालवा रे' म्हणणारी म्हातारी. त्यांना कळू दे.

गाडी माझ्या मामानं सुप्याहून दिली. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, सगळं उलटं. आणि क्लच असला जड की मामा म्हणायचा, हा दाबणाऱ्याला तालमीत जायची गरज नाही. त्याच गाडीवर मी निमगावातून खाऊच्या पानांच्या करंड्या बारामतीच्या बाजारात नेल्या. जन्म गेला त्यात. माझ्या डाव्या हाताचं मनगट उजव्यापेक्षा जाड आहे ते त्यामुळं. तू माहेरच्या बायकांना दाखवायचीस, बघा म्हणून.

मग विहिरीच्या पायरीवरून मी घसरलो आणि डावा पाय मोडला. पाय प्लास्टरात, मळ्यात पान तोडणीला आलेलं. तोडलेलं पान कुणाची वाट बघत नाही, कोमेजलं की गुरांनीसुद्धा तोंड लावायचं नाही. विजय पुण्यात नोकरीवर नवा, त्याला रजा नाही. तू अंगठ्यातली पान खुडायची पत्र्याची नखी काढलीस आणि म्हणालीस, "मी नेते."

"काय नेतीस?"

"पानं. गाडी काय नुसती बघायला ठेवलीया?"

तुला मोपेड यायची, तेवढ्यावर तुझा भरवसा. मी अंगणात बाजेवर पडून ओरडत होतो, तू गाडीवर. दिवसभर पानं तोडून बोटं आधीच मेलेली. दोन्ही हातांनी क्लच दाबायचीस, मग हँडल धरायला हात उरायचा नाही. गाडी बंद. पुन्हा किक. पुन्हा बंद. शेजारच्या बाया कुंपणाला येऊन उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "सोड, ती बाईमाणसाची गाडी न्हाय." तू गाडी स्टँडला लावलीस, पदरानं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "बाई बरुबर हाय. क्लच चुकीचा हाय."

तिथून सगळं सुरू झालं.

विजयनं त्याचा जुना फोन आपल्याला दिला होता आणि जाता जाता माझं नाव त्या कट्ट्यावर घालून ठेवलं होतं. तेव्हा कट्टा नवा होता. इंदापूर, बारामती मिळून मूठभर माणसं. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी कुणाच्या लग्नाची पत्रिका, एकदा तर कुणी म्हैस विकायला काढली होती, फोटोसकट. संजू चिडायचा, "हितं फकस्त गाडीचं बोला." रेंज आपल्याला पाण्याच्या टाकीवरच यायची. तू पदर खोचून टाकीवर चढायचीस आणि वरनं वाचून दाखवायचीस. मी खाली बाजेवर. गावाला वाटायचं नवराबायकोचं भांडण चाललंय. ते तसं असायचंच.

तिथं तू पहिल्यांदा विचारलंस, माझ्या नावानं. क्लच जड आहे, हाताला नरम कसा करावा. त्यावर काय उत्तरं आली ती तू मला सांगितली नाहीस. नंतर कळली. एक म्हणे, तात्या, दूध प्या. दुसरा म्हणे, तात्या, आता बैलगाडी घ्या. माझी अख्ख्या तालुक्यात इज्जत गेली आणि मी बाजेवर शेंगा फोडत बसलेलो.

पण काटेवाडीच्या एका दूधवाल्यानं नीट सांगितलं होतं. त्यानं स्वतःच्या गाडीला केलं होतं. क्लचमध्ये एक प्लेट जास्तीची बसवायची, म्हणजे पकड वाढते. पकड वाढली की स्प्रिंगा नरम लावल्या तरी चालतं. आणि खाली जिथं तार ओढते तो दांडा जरा लांब करायचा. झालं.

मी म्हणालो, कंपनीनं बनवलेल्या गाडीला हात लावायचा नाही. ती माणसं काय येडी होती?

"येडी न्हवती," तू म्हणालीस. "पर त्यांच्यात सकाळधरनं पानं तोडून आलेली बाई कुणी न्हवती."

माझं मत आजही तेच आहे. गाडी बनवणाऱ्यानं बनवली तशी ठेवावी. पण पान मळ्यात पडून होतं, म्हणून मी हो म्हणालो. संजूच्या दुकानातून प्लेट आणि स्प्रिंगा मागवल्या. प्लास्टरचा पाय पुढं पसरून मी पाटावर बसलो, गाडीच्या डाव्या अंगाचं झाकण उघडलं, काळं तेल सगळं परातीत. तुझी पिठाची परात होती ती. त्यावर तू काय बोललीस ते इथं लिहीत नाही. तू दूधवाल्यानं सांगितलेलं वाचत होतीस आणि मी म्हणत होतो, मला शिकवू नको.

सगळं बसवलं. तू गाडीवर बसलीस. किक मारली, क्लच दाबला, गिअर टाकला. क्लच दाबलेला होता, तरी गाडी आपली पुढं पुढं. तू "हो, हो, हो" करायला लागलीस, बैलाला करावं तसं. गाडी शांतपणे अंगण ओलांडून कडब्याच्या गंजीत शिरली. तू कडब्यात बसून राहिलीस, डोक्यावर कडबा, आणि तिथनं मला म्हणालीस, "अवो, समद्या स्प्रिंगा सारख्या आवळा म्हणून लिव्हलं हुतं. मी वाचलं हुतं."

"ऊन डोळ्यावर आलं हुतं," मी म्हणालो.

आयुष्यभर तू ते ऊन मला ऐकवलंस. पाहुणे आले की ऐकवलंस. सुनेला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ऐकवलंस. ऊन होतंच. मी आजही म्हणतो.

परत उघडलं, स्प्रिंगा सारख्या आवळल्या. तू क्लच दाबलास. दोन बोटांनी. माझ्याकडं बघून पुन्हा दाबलास. करंड्या बांधल्यास आणि बारामतीला गेलीस. फाटकातनं गाडी बाहेर पडली तेव्हा मी बाजेवरनं उठायला गेलो आणि पडलो. ते तुला कधी सांगितलं नाही. आता कळलं तर हसून घे.

पाय बरा झाला, माझी गाडी मला परत मिळाली, तरी तुझं कट्ट्यावरचं थांबलं नाही. कुणाचं मनगट दुखतंय, कुणाची तार तुटतीय, कुणाची गाडी सिग्नलला बंद पडतीय, तू टाकीवर चढून सगळ्यांना सांगायचीस. सगळं माझ्या नावानं. मला वाटायचं तू बहिणीशी बोलतेस.

मग पहिल्यांदा सगळी मंडळी काटेवाडीच्या फाट्यावर जमली, भजी खायला. गाड्या रांगेत लावलेल्या. मी गाडी लावली, तू मागनं उतरलीस, आणि एक दांडगा गडी येऊन मला मिठीच मारतो. "तात्या, तुमचं ऐकून क्लच नरम केला. हात वाचला बघा." दुसरा आला, तिसरा आला. सगळे म्हणतात, तात्या, तुमीच सांगितलं. मला वाटलं ही माणसं प्यायलेली आहेत. मी म्हणालो, "मी असलं कदी सांगनार न्हाय. गाडी ओरिजनल पायजे." सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आणि माझ्या मागं तू, तोंडात भजं, पदर तोंडाला, खांदे हलतायत.

मी काय लपवणारा माणूस नाही. म्हणालो, "ते समदं हिनं लिव्हलंय."

थोडी हसाहशी झाली. मग संजू पुढं आला. वाईट माणूस नाही तो, पण नियमाचा पक्का. "काकी, राग मानू नका. पर ग्रुप मालकांचा हाय. ज्याच्या नावावर गाडी त्यानंच बोलायचं. न्हायतर उद्या कुणाचा मेव्हणा, कुणाचा साडू, समदेच शिरतील."

तू म्हणालीस, "राग कसला बा. नियम तुमचा हाय." आणि हातातली भज्यांची ताटली खाली ठेवलीस.

तेवढंच. त्या ताटलीत अजून भजी होती. तू अन्न टाकणारी बाई नाहीस. मला संजूचं काही लागलं नाही, ती ताटली लागली. येताना मी एक शब्द बोललो नाही. तुला वाटलं मी तुझ्यावर चिडलोय.

पुढच्या बाजारच्या दिवशी पानं उतरवली आणि तुला घेऊन बारामतीच्या आरटीओत गेलो. तू विचारत होतीस, हितं काय काम हाय, मी सांगत नव्हतो. खिडकीतला कारकून हसला. "काय तात्या, काकूला गाडी गिफ्ट व्हय?"

"गिफ्ट न्हाय," मी म्हणालो. "जिचा क्लच तिची गाडी."

तू सही केलीस. इंग्रजीत. सातवीतली सही, मोठी मोठी अक्षरं, चौकटीच्या बाहेर गेली.

संजूला गाडीच्या पुस्तकाचा फोटो गेला, तू स्वतःचा नंबर घेऊन कट्ट्यावर आलीस, तुझ्या नावानं. आणि पहिलं काय लिहिलंस? "संजूभाऊ, आता आमच्या ह्यास्नी काढा. ग्रुप मालकांचा हाय." संजूनं काढलं. ज्या बाईसाठी मी आरटीओत उभा राहिलो तिनं मला दारातनं बाहेर केलं. त्यानंतर इतकी वर्षं, आज काय चाललंय कट्ट्यावर असं विचारलं की तू फोन छातीशी धरायचीस. "ते मालकांचं बोलणं हाय. तुमी पानं मोजा."

मग लोक घरी यायला लागले. कुठनं कुठनं, अकलूजकडनं, दौंडकडनं. दारात गाडी लागली की तू ओट्यावरनं म्हणायचीस, आधी क्लच दाबून बघा, मग चहा. मोठमोठे मिशीवाले दोन बोटं लावायचे आणि लहान पोरासारखं बघायचे. तू किती जणांच्या क्लचचं बघितलंस मला माहीत नाही, पण तुला शेवटचं न्यायला ती सगळी आली होती. गाड्या वेशीपासून लावल्या होत्या. कुणी हॉर्न वाजवला नाही, इंजिन बंद करून हातानं ढकलत आणल्या. मी बघितलं ते. तेव्हा कुणाशी बोललो नाही, आज बोलतो. पोरांनो, तुमचं भलं होवो.

आता आपला वाद.

एकदा सुप्याहून येत होतो. मामाच्या घरनं बाजरीचं पोतं घेतलेलं, वर तू. चढाला इंजिन ओरडलं आणि गाडी ओढेना. मी म्हणालो, बघ, तुझा क्लच स्लिप मारतोय. नरम स्प्रिंगांना ओझं पेलत नाही. तू मागनं म्हणालीस, तुमचा हात क्लचवर हाय, म्हणून वढंना. मी म्हणालो, न्हवता. तू म्हणालीस, मी बघितला. तुला माझ्या पाठीमागून पोत्यावरनं माझा हात कसा दिसला ते देवाला ठाऊक.

हा वाद किती जेवणं चालला. लग्नात चालला, विजयच्या साखरपुड्यात चालला. आणि दवाखान्यातही. तुझ्या डाव्या हाताला सलाईन, ती नर्स म्हणत होती, मावशी, मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा. तू तिला म्हणालीस, "क्लच दाबतीया मी." तिला कळलं नाही. मला कळलं. मग माझ्याकडं तोंड वळवून म्हणालीस, "सुप्याच्या चढाला तुमचा हात हुता."

मी म्हणालो, "न्हवता."

मग तुला आत नेलं.

लोक विचारतात शेवटचं काय बोलणं झालं. विजयनं विचारलं, तुझ्या बहिणीनं रडत रडत विचारलं. मी सांगतो हे झालं. त्यांना वाटतं म्हातारा दगड आहे. दुसरं काय बोलायला पाहिजे होतं म्हणे. मी काय हात हातात घेऊन गोड बोलायला पाहिजे होतं? तू उठून बसली असतीस आणि डॉक्टरला बोलावलं असतंस, ह्यास्नी काय झालंय बघा म्हणून. आपण जसं बोलायचो तसं बोललो. मला त्याचं वाईट वाटत नाही. तू नाहीस त्याचं वाटतं. सकाळी चहा दोन कप टाकतो आणि दोन्ही मीच पितो. साखर तुझ्या मापाची टाकतो, मला गोड होतो, तरी पितो. कोण काय म्हणणार आहे.

तर रविवार. साहेब आले. भला माणूस, बूट बाहेर काढून आला, तुझ्या फोटोला नमस्कार केला. गाडीभोवती फिरला. "फार छान ठेवलीये. फक्त क्लच कुणीतरी बदललाय."

"बदलला न्हाय," मी म्हणालो. "केलाय."

"हो, पण आम्ही तो ओरिजिनल करून घेऊ."

हे माझंच म्हणणं. जन्मभर मी हेच म्हणत आलो. आणि त्या माणसाच्या तोंडून ते ऐकलं आणि माझं डोकं असं तापलं की काय सांगू. म्हणालो, "सायब, एकदा दाबून बघा."

त्यांनी दाबला. थांबले. मग दोन बोटांनी दाबला. म्हणाले, "अरे वा." पुन्हा दाबला. तुझ्या ओट्यावर कुणीतरी हसलं असं मला वाटलं, पण ती सून होती, चहा घेऊन आलेली.

विजय म्हणाला, "तात्या, सही करा. गाडी उभी राहून गंजंल. तुमच्यानं आता व्हायची न्हाय ती. आईपाठोपाठ तुमाला रस्त्यावर काय झालं तर मी काय करू?" पोराचं चुकत नाही. आई त्याची पण होती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि साहेबांना म्हणालो, "गाडी द्यायची न्हाय. हिच्यात एक वाद अडकलाय."

साहेब दचकले. "कोर्टात आहे का?"

"कोर्टात न्हाय. घरात हाय. मिटला की कळवतो."

चहा घेऊन गेले बिचारे. विजय माझ्याशी बोलत नाही, बोलेल.

आज सकाळी पानांच्या करंड्या बांधल्या, पहिल्यापेक्षा एक जास्तीची, मुद्दाम. किक मारली. धाप लागली, पण लागली किक. क्लचवर हात ठेवला तर माझं ते जाड मनगट आता कामाचं राहिलं नाही. मुठीत जोरच नाही. मामाच्या वेळचा क्लच असता तर मी अंगणातच पडलो असतो. दोन बोटं लावली आणि गाडी निघाली. हे तुझ्या बाजूचं म्हणून धरू नकोस. हा वेगळा मुद्दा आहे.

काटेवाडी ओलांडून बारामतीत गेलो. क्लचनं कुठं स्लिप मारला नाही. पण रस्ता सपाट आहे, तो धरता येत नाही. वाद सुप्याच्या चढाचा आहे, तिथंच बघावं लागंल. विजयला सांगितलंय, वाद मिटल्याशिवाय सही नाही. संजू, तूही ऐक, नंबर काढायचा नाही. निकाल जो काय लागंल तो तिला इथंच कळवायचा आहे.

बाजरीचं पोतं घेऊन जाईन. स्लिप मारला तर मी म्हणत होतो तेच खरं. नाही मारला तर ओझं कमी पडलं, तू मागं नव्हतीस. मग पुन्हा जाईन.